कोचीच्या धक्क्यावर आठ तास

वाशीम जिल्ह्यातला माणूस समुद्रावर गेला तर त्यामागे सोयाबीन असते, असे म्हटले तर बाहेरच्या वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या बाबतीत तसेच झाले. मुलांच्या अब्बूंचे मंगरूळपीरला कृषी केंद्र आहे. बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्या दुकानदारांना हंगामाआधी टार्गेट देतात. ते पुरे झाले की कोणाला मोटारसायकल मिळते, कोणाला टीव्ही, कोणाला बँकॉकची सहल. त्या वर्षी जहाजाची सहल होती. मुंबईहून निघायचे, एक दिवस कोचीला उतरायचे आणि परत यायचे. तिकिटे दोन. दुकानदार मंडळी बहुधा दोस्ताला घेऊन जातात, पण आमच्या सासूबाईंनीच निकाल दिला, “बहू को लेके जा. उसने क्या देखा है? शाळा और चूल्हा!” तेव्हा पाच दिवसांची किरकोळ रजा टाकली, मुलांना सासूबाईंच्या हवाली केले आणि २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघे शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाच्या ट्रॅव्हल्समध्ये बसलो.

निघताना घरातला एक वाद अर्धवटच राहिला होता. धाकटी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. आम्ही जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवतो. उर्दूबरोबर मराठीही, सुलभभारतीचे पुस्तक हातात घेऊन. अब्बूंचे म्हणणे, पोरीला इंग्रजी शाळेत घालू. “तू पढाती है वो ठीक है. मगर उर्दू पढके आगे क्या करेगी? बीज की थैली पे भी उर्दू नहीं रहती.” थैलीवर उर्दू नसते हे खरेच आहे. आमचे म्हणणे, शिक्षकांचीच मुले उर्दू शाळेत नसतील तर दुसऱ्यांनी का घालावीत? पट कमी झाला की शिक्षकाचे पद जाते, म्हणून आमच्या बोलण्यात पोटापाण्याचाही भाग आहे, असे घरचे समजतात. तो नाही असे नाही. मात्र या साऱ्या वादात, घरापासून दोनशे पावलांवर असलेल्या मराठी शाळेचे नाव कोणीच घेतले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मुंबई बंदरात जहाज पाहिले आणि आधी दादांची आठवण झाली. आमचे दादा मोगल लाइन कंपनीच्या जहाजाने हजला गेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, पत्र्याची पेटी, भाजून घेतलेले पीठ, आणि गावातून निघताना सगळ्यांकडून मागून घेतलेली माफी. परत येऊ की नाही याची खात्री नसे. जहाजाने हजला जाणे १९९५ मध्ये बंद झाले. आता नागपूरहून विमानात बसले की माणूस काही तासांत तिकडे. दादांना समुद्र लागला होता. तीन दिवस त्यांनी मान वर केली नाही, असे दादी सांगत. आमच्या जहाजावर पोहण्याचा तलाव होता, नाटकाचे थिएटर होते आणि जेवणाच्या वेळेला लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून फिरणारे हे ‘एम्प्रेस’ मुळात फ्रान्समध्ये बांधलेले, १९९० सालचे. त्यावर त्या आठवड्यात अर्धा वऱ्हाड होता. डेकवर उभे राहून एक दुकानदार दुसऱ्याला म्हणत होते, “भाऊ, येवढं पाणी आपल्या तालुक्यात असतं तं तीन पिकं घेतली असती.” दुसऱ्याने सांगितले, “खारं हाय ते.” पहिल्याला ते काही फारसे पटलेले दिसले नाही.

सोमवारी संध्याकाळी निघालेले जहाज बुधवारी सकाळी कोचीला लागले. ज्या बेटाला ते लागते ते विलिंग्डन बेट माणसाने केलेले आहे. बंदर खोल करताना समुद्रतळातून जो गाळ आणि वाळू उपसली, तिचाच हा भराव. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनियरने हे काम कित्येक वर्षे चालवले. तोंडाशी वाळूचा दांडा होता, तो फोडल्यावर १९२८ च्या मे महिन्यात ‘पद्मा’ नावाचे पहिले मोठे जहाज आत आले. आम्हाला हे वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडे तलावातला गाळ काढून शेतात टाकतात. इथे त्यावर बंदर उभे आहे.

सूचना मिळाली की संध्याकाळी पाचच्या आत परत या, जहाज कोणासाठी थांबत नाही. कंपनीच्या बसगाड्या उभ्या होत्या: खाडीत होडी, जेवण, मग मोठ्या मॉलमध्ये खरेदी. आम्ही दोघांनी बस सोडली. अब्बूंना जोहरची नमाज जुन्या मशिदीत पढायची होती आणि आम्हाला मॉल पाहायचा नव्हता. गेटबाहेर रिक्षांची रांग. पांढरी लुंगी नेसलेल्या, पन्नाशीच्या एका रिक्षावाल्याने अब्बूंची टोपी पाहून सलाम केला. सलामाचे उत्तर दिल्यावर अब्बूंनी आपली नेहमीची उर्दू सुरू केली. तो हसला, मान हलवली आणि म्हणाला, “नो उर्दू. मलयाळम.” हिंदीचे दहा-वीस शब्द, इंग्रजीचे दहा-वीस, एवढेच त्याच्याजवळ होते. आम्ही बुचकळ्यात पडलो. लहानपणापासून मनात बसलेले असते की सलाम केला की पुढची भाषा आपोआप उर्दूच. वाशीमला, अकोल्याला, हैदराबादला तसेच होते. इथे सलामापर्यंत एक, आणि पुढे सारे वेगळे. त्याच्या ओळखीचे लोक त्याला ‘इक्का’ म्हणत होते, म्हणजे मोठा भाऊ. आम्हीही इक्का म्हणू लागलो.

“पहले मस्जिद,” अब्बू म्हणाले. “पळ्ळी? ओक्के,” इक्का म्हणाला आणि पूल ओलांडून त्याने आम्हाला थेट एका चर्चसमोर उभे केले. अब्बूंनी पुन्हा सांगितले, मस्जिद. इक्का शांतपणे चर्चकडे बोट दाखवून म्हणाला, “पळ्ळी.” नंतर उलगडा झाला. मलयाळममध्ये मशिदीलाही पळ्ळी म्हणतात, चर्चलाही पळ्ळी आणि ज्यूंच्या प्रार्थनाघरालाही पळ्ळी. वेगळे सांगायचे असेल तरच पुढे-मागे एखादा शब्द जोडतात. आमच्याकडे देव एक असल्याचे भाषणांत सांगतात. इथे निदान शब्द तरी एक आहे.

ते सेंट फ्रान्सिस चर्च होते. पोर्तुगिजांनी १५०३ मध्ये इथे पहिली लाकडी वास्तू बांधली. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीत मेला, तेव्हा त्याला इथेच पुरले. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या कबरीभोवती कठडा आहे आणि कठड्याभोवती फोटो काढणारे. वास्को १४९८, कालिकत, हा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो आणि मुले दरवर्षी पाठ करतात. जे धड्यात नसते ते असे की, १५०२ मध्ये दुसऱ्या फेरीत याच माणसाने मक्केहून परतणारे ‘मीरी’ नावाचे जहाज पकडले, लुटले आणि आतल्या शेकडो यात्रेकरूंसह जाळले. बाया आपली लेकरे वर उचलून दाखवत होत्या, दागिने देऊ करत होत्या. हे कोणा मुसलमान इतिहासकाराचे रचलेले नाही. त्याच ताफ्यातल्या तोमे लोपेस नावाच्या पोर्तुगिजाने लिहून ठेवले आहे. दादांच्या पत्र्याच्या पेटीसारख्या किती पेट्या त्या जहाजात असतील! आम्ही अब्बूंना हे सांगितले. ते थोडा वेळ कठड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “चल.” फोटो काढला नाही. आता पाचव्या इयत्तेला शिकवताना तो धडा आला की ‘मीरी’चे नाव फळ्यावर लिहितो. परीक्षेत ते विचारत नाहीत.

किनाऱ्यावर चिनी जाळी आहेत. मोठ्या लाकडी दांड्यांवर बांधलेले जाळे पाण्यात उतरवायचे आणि दोरीला लटकवलेल्या दगडांच्या वजनावर चार-सहा जणांनी ओढून वर काढायचे. आमच्यासमोर वर आलेल्या जाळ्यात मूठभर मासे आणि एक प्लास्टिकची पिशवी होती. मग मट्टनचेरी. तिथला राजवाडा पोर्तुगिजांनी १५५५ मध्ये कोचीच्या राजाला बांधून दिला आणि १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला. भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत, ती पाहण्यासारखी आहेत. पण वेळ कमी होता.

राजवाड्याला लागूनच ज्यूंची पळ्ळी, म्हणजे १५६८ चे परदेसी सिनेगॉग. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, सगळ्या हाताने रंगवलेल्या. १९६८ मध्ये तिला चारशे वर्षे झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या. आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषसुद्धा या मोहल्ल्यात उरलेले नाहीत. १९४८ नंतर बहुतेक सारे इस्राएलला गेले. गल्लीचे नाव मात्र अजून ज्यू टाऊन, आणि दुकानांत काश्मिरी शाली. इथे आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’, बोली मराठी. तेही गेले, पण तिकडे जाऊन त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. कोचीच्या ज्यू बायकांनी आपली मलयाळम गाणी वह्यांत उतरवून बरोबर नेली. माणसाने मुलूख सोडला तरी भाषा अशी मागे येते. ती आपली आहे की परक्याची, असा दाखला तिला कोणी विचारला नाही.

बाजार रोडवर आले आणि अब्बूंचा जीव रमला. सुंठ, मिरे, वेलची, पोत्यांच्या थप्प्या, काटा, हमाल. मार्केट यार्डातला माणूस मार्केट यार्डातच खुलतो. एका गोदामात पांढऱ्या दाढीचे शेठ बसले होते. आमचे बोलणे ऐकून त्यांनी चक्क हिंदीत विचारले, कुठले? वाशीम सांगितले, ते त्यांना कळले नाही. अकोल्याजवळ म्हटले, तर खुर्ची पुढे सरकवली. ते कच्छी मेमन निघाले. अकोल्याच्या कच्छी मेमनांत त्यांची सोयरीक आहे. कच्छहून त्यांचे पूर्वज व्यापारासाठी कोचीला आले, त्याला अनेक पिढ्या झाल्या. चहा आला, काळा, लिंबाचा. आम्ही विचारले, घरात काय बोलता? ते म्हणाले, “घर में कच्छी, दुकान में मलयाळम, तामिळवाले से तामिळ, मस्जिद में अरबी. और आप?” आम्ही हिशेब केला: घरात आमची वऱ्हाडी वळणाची उर्दू, शाळेत किताबी उर्दू, दुकानात आणि कचेरीत मराठी. ते म्हणाले, “तो मराठी भी आपकीच हुई ना?” गोष्ट साधी होती. पण आम्हाला शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात, बँकेत, एसटीत नेहमी दुसरा प्रश्न येतो: “तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता हो मॅडम?” विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याला खरेच कौतुक वाटलेले असते. पण सात पिढ्या ज्या शिवारात गेल्या तिथली बोली बोलल्याबद्दल कौतुक झाले की काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.

इक्काने जोहरला कोचंगाडीच्या चेंबिट्टपळ्ळीत आणले. चेंबू म्हणजे तांबे. पूर्वी छपराला तांब्याचे पत्रे होते म्हणून हे नाव. सोळाव्या शतकातली मशीद. घुमट नाही, उतरते छप्पर आणि लाकूडकाम. लांबून पाहणाऱ्याला एखादे जुने केरळी देऊळच वाटावे. जसा इथला पाऊस तसे छप्पर. घुमटावाचून इबादत अडत नाही. इक्का आणि अब्बू वुजू करून आत गेले. आम्ही बाहेर. केरळात मुजाहिद आणि जमाअतवाल्यांच्या मशिदींत बायकांसाठी जागा असते, जुन्या सुन्नी मशिदींत बहुधा नसते. आमच्याकडेही नसते, त्यामुळे बाहेर थांबण्याची सवय आहे. सवय आहे म्हणून ते बरोबर आहे असे नव्हे, पण तो विषय दुसरा.

थांबायचे म्हणून जवळच्या पुस्तकांच्या छोट्या दुकानात शिरलो. डोक्यावर ओढणी घेतलेली, कॉलेजात शिकणारी एक मुलगी गल्ल्यावर होती. मदरशांची पुस्तके रचून ठेवली होती. पहिल्या वर्गाचे एक पातळ पुस्तक उचलले. लिपी अरबी, जबर, जेर, पेश सारे दिलेले. सवयीने मोठ्याने वाचू लागलो. अडखळत का होईना, एक ओळ वाचली, दुसरी वाचली. एक शब्दही कळला नाही. मुलगी मात्र हसू लागली, कारण तिला सारे कळत होते. आम्ही वाचत होतो आणि समजत तिला होते! ती होती अरबी-मलयाळम. भाषा मलयाळम, लिपी अरबी. अरबीत नसलेल्या मलयाळम उच्चारांसाठी जादा नुक्ते देऊन अक्षरे केलेली. तिथेच आमची गाडी अडत होती. मुलीने बोट ठेवून ती अक्षरे म्हणून दाखवली. ‘ळ’ आमचा पहिल्याच फटक्यात बरोबर आला. “हाऊ?” तिने विचारले. मराठीत आहे, म्हटले. उर्दूच्या शिक्षिकेला ‘ळ’ येतो तो मराठीमुळे, हे त्या दुकानात प्रथमच ध्यानात आले.

ती मुलगी सांगत होती: मुले सकाळी लवकर मदरशात जातात, तिथे हे पुस्तक, मग शाळेत मलयाळम किंवा इंग्रजी माध्यम. शाळेला मलयाळममध्ये काय म्हणतात, आम्ही विचारले. “पळ्ळिक्कूडम.” त्यातही पळ्ळी होतीच.

हे सहज घडलेले नाही, हे आम्ही नंतर वाचले. एकोणिसाव्या शतकात तिथलेही अनेक मौलवी मलयाळम लिपी शिकू नका म्हणत होते. सनाउल्ला मक्ती तंगळ (१८४७–१९१२) गावोगाव सांगत फिरले की मलयाळम शिका, इंग्रजी शिका. लोकांनी त्यांना कमी त्रास दिला नाही. वक्कम मौलवींनी १९०५ मध्ये ‘स्वदेशाभिमानी’ हे मलयाळम वर्तमानपत्र काढले. १९१० मध्ये त्रावणकोर सरकारने छापखानाच जप्त केला. त्याच मौलवींनी अरबी-मलयाळममध्येही मासिक चालवले, म्हणजे एक हात जुन्या लिपीत आणि एक नव्या. त्या पायावर पुढे १९४४ मध्ये वैकम मुहम्मद बशीर यांची ‘बाल्यकालसखी’ आली, घराघरांतल्या मोपला बोलीसकट. आपले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापूरला भरले ते १९९० मध्ये. तुलना करून कोणाला कमी लेखायचे नाही. तिथल्या मोपल्यांची घरची भाषा पहिल्यापासून मलयाळमच. आमचे तसे नाही. दखनी ही याच पठारावर वाढलेली भाषा आहे, ती आम्हाला कोणी दिल्लीहून पाठवलेली नाही. ती टाकून द्या असे कोणी म्हणाले तर आम्ही ऐकणार नाही. पण आमच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे ‘सरकारी’ तास. पोरे रस्त्यावर फर्डी वऱ्हाडी बोलतात आणि वर्गात सुलभभारतीचे पान उघडले की मुकी होतात, जणू ती दुसरीच कुठली भाषा आहे.

अब्बू नमाजहून आले तेव्हा आम्ही त्यांना ते पुस्तक वाचायला दिले. त्यांनीही दोन ओळी वाचल्या. इक्का टाळी देऊन म्हणाला, “करेक्ट!” अब्बूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जेवण इक्काच्याच ओळखीच्या खानावळीत केले, मासे आणि जाडा भात. साडेचारला गेटवर पोचलो. इक्काने ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. मोबाईल नंबर मात्र दिला.

रात्री डेकवर वारा फार होता. अब्बू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उर्दू में डाल. मगर मराठी पक्की होना. तेरे स्कूल के जैसी नहीं, पक्की.” चौथीपर्यंत उर्दू, पुढचे पुढे पाहू, असे ठरले. ‘तेरे स्कूल के जैसी नहीं’ हे शब्द लागले. पण ते खोटे नव्हते.

जूनमध्ये धाकटीचे नाव आमच्या शाळेत घातले. मराठीच्या तासाला आता पुस्तक उघडण्याआधी दहा मिनिटे पोरांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगायला लावतो, मग ती फळ्यावर लिहितो. म्हशीच्या, बोअरच्या, उरुसातल्या पाळण्याच्या गोष्टी निघतात. एकदा कोचीचे ते पातळ पुस्तक वर्गात नेले. चौथीच्या पोरांनी आमच्यापेक्षा झरझर वाचले, नुक्त्यांची अक्षरे सोडून. “मॅडम, इसका माने क्या?” आम्हाला ठाऊक नव्हते. अब्बूंकडून नंबर घेऊन इक्काला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि एका मुलीला ओळ म्हणायला सांगितली. पलीकडे रिक्षाचा आवाज येत होता. इक्का मलयाळममध्ये बराच वेळ काहीतरी समजावून सांगत राहिला. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. कोणाला काही कळले नाही. मग त्याने दुसरी ओळ वाचायला सांगितले असावे, असे समजून मुलीने दुसरी ओळ वाचली.

“करेक्ट!” फोनमधून आवाज आला.